मूळ की संयुक्त? विभाजकांच्या जोड्यांतून संख्या ओळखण्याची रीत

मूळ संख्या म्हटलं की बहुतेकांना पाठ केलेली यादी आठवते: २, ३, ५, ७, ११, १३... यादी पाठ असणं चांगलंच, पण ती शंभरपाशी संपते आणि १४३ समोर आली की माणूस अडतो. म्हणून इथे यादी बरीच उशिरा येईल. आधी विभाजक काढायला शिकू, आणि तेही जोडीने. जोडीची ही एक गोष्ट नीट कळली की मूळ संख्या कशी ओळखायची, तपासताना कुठे थांबायचं, चाळणी कुठून सुरू करायची, वर्गसंख्या इतरांपेक्षा वेगळ्या का, हे सगळं तिच्यातूनच निघतं. वेगवेगळे नियम डोक्यात कोंबावे लागत नाहीत.

कागद, पेन्सिल आणि निदान वीसपर्यंतचे पाढे एवढं पुरेल. कॅल्क्युलेटर सध्या बाजूला ठेवा. आणि या लेखात संख्या म्हणजे १, २, ३, ४... या मोजायच्या संख्या. शून्य, ऋण संख्या किंवा अपूर्णांक इथे येत नाहीत.

पायरी १: विभाजक जोडीने काढा

१२ ला ३ ने भागलं तर भागाकार ४ येतो आणि बाकी शून्य उरते. म्हणजे ३ ने १२ ला निःशेष भाग जातो, म्हणून ३ हा १२ चा विभाजक. हे सगळ्यांना माहीत असतं. पण भागाकार म्हणून आलेल्या ४ कडे लक्ष जात नाही. ४ सुद्धा १२ चा विभाजकच आहे, कारण ३ × ४ = १२. एक विभाजक शोधला की दुसरा फुकट मिळतो.

म्हणून विभाजक एका ओळीत लिहीत जाऊ नका. जोड्या एकाखाली एक मांडा. ३६ घेऊ. १ पासून सुरुवात करायची आणि एकेका संख्येने भाग जातो का ते बघायचं:

१ × ३६
२ × १८
३ × १२
४ × ९
५ ने भाग जात नाही
६ × ६

इथे थांबायचं. ७ ने आणि ८ ने भाग जात नाही, आणि ९ ने जातो, पण ९ आधीच ४ च्या जोडीला येऊन बसला आहे. डावीकडची संख्या वाढत जाते तशी उजवीकडची कमी होत जाते. दोन्ही एकमेकींना भेटल्या किंवा ओलांडून गेल्या, की त्यापुढची प्रत्येक जोडी आधीच्याच एखाद्या जोडीची उलटी बाजू असते. नवीन काही सापडू शकत नाही.

आता डावी बाजू वरून खाली आणि मग उजवी बाजू खालून वर वाचा: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. चढत्या क्रमाने सगळे विभाजक तयार, एकूण नऊ. (६ दोन्हीकडे आहे, तो एकदाच मोजायचा.)

४८ स्वतः करून बघा. १ × ४८, २ × २४, ३ × १६, ४ × १२, ६ × ८. पुढे ७ ने भाग जात नाही, आणि ८ उजवीकडे आधीच आहे, म्हणून काम संपलं. दहा विभाजक. सरळ ओळीत लिहिणाऱ्यांकडून यातला १६ हमखास सुटतो. जोडीने लिहिणाऱ्याकडून तो सुटूच शकत नाही, कारण ३ लिहिताक्षणी त्याच्यासमोर १६ लिहावाच लागतो.

पायरी २: किती विभाजक आले ते मोजा

आता १ ते १२ या संख्यांचे विभाजक मांडून त्यांच्यापुढे मोजणी लिहू.

१: १ (एक)
२: १, २ (दोन)
३: १, ३ (दोन)
४: १, २, ४ (तीन)
५: १, ५ (दोन)
६: १, २, ३, ६ (चार)
७: १, ७ (दोन)
८: १, २, ४, ८ (चार)
९: १, ३, ९ (तीन)
१०: १, २, ५, १० (चार)
११: १, ११ (दोन)
१२: १, २, ३, ४, ६, १२ (सहा)

ही यादी २४ पर्यंत तुम्ही पुढे न्या. नुसतं वाचून पुढे जाऊ नका, कारण यापुढचं सगळं या कंसातल्या आकड्यांवर उभं आहे.

संख्या मोठी झाली की विभाजक वाढतात असं होत नाही, हे पहिल्याच नजरेत दिसतं. १२ ला सहा, आणि तिच्या शेजारच्या ११ ला अवघे दोन. २४ ला आठ, तर २३ ला पुन्हा दोनच. शेजारी शेजारी असूनही या संख्यांचे स्वभाव किती निराळे आहेत! हाताने समजून घ्यायचं तर १२ खडे घ्या आणि त्यांचे पूर्ण आयत रचा. १२ ची एक रांग, ६ च्या दोन रांगा, ४ च्या तीन रांगा, असे वेगवेगळे आयत जमतात. मग ११ खडे घ्या. एका सरळ रांगेपलीकडे काहीच जमत नाही; दोन रांगा केल्या तर एक खडा उरतो, तीन केल्या तर दोन उरतात.

पायरी ३: तीन गट पाडा

ज्या संख्येला नेमके दोन विभाजक, १ आणि ती स्वतः, ती मूळ संख्या. ज्या संख्येला दोनपेक्षा जास्त विभाजक, ती संयुक्त संख्या. आणि ज्या संख्येला एकच विभाजक, ती? ती फक्त १. ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

१ बद्दलचा गोंधळ फार जुना आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. "१ ला १ ने आणि स्वतःनेच भाग जातो, मग ती मूळ का नाही?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. याचं एक उत्तर व्याख्येतच आहे: विभाजक दोन हवेत, आणि इथे "१" आणि "स्वतः" हे एकच असल्यामुळे मोजणी एकवर थांबते. पण व्याख्या अशी का केली, हे कळलं तरच समाधान होतं. १२ चे मूळ अवयव पाडले, म्हणजे १२ ला फक्त मूळ संख्यांच्या गुणाकारात लिहिलं, तर २ × २ × ३ असे येतात, दुसरे कुठलेही येत नाहीत. १ ला मूळ मानलं तर १ × २ × २ × ३ हेही बरोबर, १ × १ × २ × २ × ३ हेही बरोबर, आणि ही माळ कधी संपणारच नाही. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा अंकगणितातला फार मोलाचा नियम, आणि तो सुटसुटीत राहावा म्हणून १ ला बाहेर ठेवलं. पूर्वी सगळे गणिती असं मानत नसत. १७४२ साली गोल्डबाख यांनी ऑयलर यांना पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रात १ ला मूळ संख्या धरलेलं आहे.

२ बद्दल थोडक्यात: ती सम आहे आणि मूळही आहे. बाकीच्या प्रत्येक सम संख्येला १ आणि ती स्वतः यांच्याखेरीज २ हा तिसरा विभाजक असतोच, म्हणून त्या सगळ्या संयुक्त.

आता पुन्हा मोजणीच्या आकड्यांकडे बघा. एक, दोन, दोन, तीन, दोन, चार, दोन, चार, तीन... यांत विषम आकडे कुणापुढे आहेत? १, ४ आणि ९ पुढे. तुम्ही २४ पर्यंत गेला असाल तर १६ पुढेही पाच आला असेल. ३६ ला नऊ आलेले आपण पाहिलेच. या सगळ्या वर्गसंख्या. कारण जोड्यांमध्येच आहे: विभाजक दोन-दोनने येतात, म्हणून मोजणी सम असायला हवी. ती विषम होण्याची एकच वाट, ती म्हणजे एखाद्या विभाजकाची जोडी स्वतःशीच लागणं, जशी ६ × ६. आणि तसं झालं की ती वर्गसंख्या.

पायरी ४: तपासताना कुठे थांबायचं

सगळ्यात उपयोगी पायरी ही, आणि इथेच नवखे लोक सर्वांत जास्त वेळ वाया घालवतात. ९७ मूळ आहे का? २ ने भाग जात नाही, ३ ने नाही, ४ ने नाही... असं ९६ पर्यंत जायचं का? काही जण निम्म्यावर, म्हणजे ४८ वर थांबतात. तेही फार लांब आहे.

जोडीकडे परत या. ९७ ला १ आणि ९७ सोडून एखादा विभाजक असेल, तर त्याला जोडीदारही असेल. त्या दोघांचा गुणाकार ९७. दोघेही १० किंवा त्याहून मोठे असते तर गुणाकार निदान १०० झाला असता. म्हणजे दोघांपैकी लहान जोडीदार १० पेक्षा लहानच असला पाहिजे. १० च्या आत कुणीच सापडलं नाही तर जोडीच नाही, आणि जोडी नाही म्हणजे ९७ मूळ.

काम आणखी कमी होतं. ४ ने भाग जाणाऱ्या संख्येला २ ने आधीच गेलेला असतो. ६ आणि ८ चंही तसंच, आणि ९ ने जाणारीला ३ ने गेलेला असतो. म्हणून फक्त मूळ संख्यांनीच भागायचं. ९७ साठी २, ३, ५, ७ एवढ्या चारच तपासण्या. विषम आहे, म्हणून २ बाद. अंकांची बेरीज १६, म्हणून ३ बाद. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ बाद. तेरा साती एक्क्याण्णव, वर सहा उरतात, म्हणून ७ बाद. ९७ मूळ संख्या आहे.

नियम असा: ज्या मूळ संख्येचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा मोठा होतो, तिच्या आधी थांबायचं. त्यासाठी हे वर्ग जवळ असू द्या: ११ चा १२१, १३ चा १६९, १७ चा २८९, १९ चा ३६१, २३ चा ५२९, २९ चा ८४१, ३१ चा ९६१, ३७ चा १३६९. म्हणजे १२० पर्यंतच्या कुठल्याही संख्येला २, ३, ५, ७ पुरतात. १६८ पर्यंत ११ जोडा, २८८ पर्यंत १३ जोडा. हजाराच्या आतल्या कुठल्याही संख्येला ३१ च्या पुढे जाण्याची गरजच पडत नाही, आणि ३१ पर्यंत मूळ संख्या आहेत फक्त अकरा.

एक जवळून पाहू. ३९१ आणि ३९७. दिसायला सख्ख्या बहिणी. दोघींसाठी मर्यादा १९, कारण १९ चा वर्ग ३६१ आणि २३ चा ५२९. दोघी विषम, दोघींच्या शेवटी ० किंवा ५ नाही. अंकांची बेरीज अनुक्रमे १३ आणि १९, म्हणून ३ नेही भाग नाही.

आता ३९१: ७ ने भागलं तर बाकी ६. ११ ने बाकी ६. १३ ने बाकी १. १७ ने भागलं की १७ × २३ = ३९१, बाकी शून्य. संयुक्त.

आणि ३९७: ७ ने बाकी ५, ११ ने बाकी १, १३ ने बाकी ७, १७ ने बाकी ६, १९ ने बाकी १७. कुणीही निःशेष गेला नाही आणि मर्यादा संपली. मूळ. आठ भागाकारांत शंभर टक्के खात्री, आणि खात्रीचं कारणही आपल्याला माहीत आहे, हे मला या रीतीत फार आवडतं.

कसोट्या: भागाकार न करता भाग जातो का ते बघणं

२ आणि ५ साठी शेवटचा अंक पुरतो. बाकी तिघांच्या कसोट्या अशा.

३ ची कसोटी: अंकांची बेरीज करा, तिला ३ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. का? १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १००० म्हणजे ९९९ + १. ५८२ म्हणजे ५ शंभर, ८ दहा आणि २. प्रत्येक शंभरातून ९९ आणि प्रत्येक दहातून ९ काढून घेतले तर उरतात ५ + ८ + २, म्हणजेच १५. काढलेल्या भागाला ३ ने भाग जातोच, म्हणून निकाल उरलेल्या १५ वर. ९ ची कसोटीही नेमकी याच कारणाने चालते.

११ ची कसोटी: अंकांना एकाआड एक अधिक-उणे चिन्हं द्या. ५८३ साठी ५ − ८ + ३ = ०. उत्तर ० किंवा ११ च्या पटीत आलं तर भाग जातो. ५८३ = ११ × ५३.

७ ची कसोटी लोक अवघड समजतात, पण एकदा केली की हातात बसते. शेवटचा अंक तोडा, त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. ६२३ घ्या: ३ तोडला, दुप्पट ६, ६२ − ६ = ५६. आठ साती छप्पन्न, म्हणून ६२३ ला ७ ने भाग जातो, आणि ६२३ = ७ × ८९. कारण असं की ५६ दहापट केले तर ५६० होतात, आणि ६२३ मध्ये त्याहून ६३ जास्त आहेत. हा फरक नेहमी तोडलेल्या अंकाच्या २१ पट असतो, आणि २१ ला ७ ने भाग जातोच.

१३, १७, १९ साठीही अशा कसोट्या आहेत, पण माझं मत विचाराल तर त्या पाठ करू नका. तिथे पाढा म्हणणं किंवा सरळ भागाकार करणं जास्त जलद होतं.

पायरी ५: चाळणी लावा

एकेक संख्या तपासणं वेगळं आणि १ ते १०० मधल्या सगळ्या मूळ संख्या एकदम मिळवणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाच्या नावाने ओळखली जाणारी चाळणी आजही तितकीच कामाची आहे.

शंभर संख्या लिहिताना सहसा एका ओळीत दहा लिहितात. तुम्ही सहा-सहा लिहा. १ ते ६ पहिली ओळ, ७ ते १२ दुसरी, असं १०० पर्यंत. का, ते लगेच दिसेल.

१ खोडा. २ ला गोल करा आणि ४ पासून २ च्या सगळ्या पटी खोडा. सहाच्या मांडणीत दुसरा स्तंभ (२ सोडून), चौथा आणि सहावा हे तीन स्तंभ सरळ उभ्या रेघेने जातात. ४९ संख्या गेल्या. ३ ला गोल करा, तिच्या पटी खोडा. तिसरा स्तंभही ३ सोडून गेला. यात नव्याने खोडल्या गेल्या १६ संख्या. आता फक्त पहिला आणि पाचवा स्तंभ जिवंत आहे. याचा अर्थ २ आणि ३ सोडल्या तर प्रत्येक मूळ संख्या ६ च्या एखाद्या पटीच्या अगदी शेजारी असते, एक अलीकडे किंवा एक पलीकडे.

५ ला गोल करा. तिच्या पटी कुठून खोडायच्या? १०, १५, २० आधीच गेल्या आहेत, कारण त्यांना ५ खेरीज २ किंवा ३ असा लहान जोडीदार आहे. पहिली न खोडलेली पट ५ × ५ = २५. म्हणजे प्रत्येक मूळ संख्येची खोडाखोड तिच्या वर्गापासून सुरू करायची. पायरी ४ मधलाच विचार, फक्त दुसऱ्या बाजूने. ५ मुळे नव्याने जातात २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५ अशा सहा.

७ ला गोल करा, ४९ पासून सुरू करा. नव्याने जातात फक्त तीन: ४९, ७७, ९१. पुढची ११, तिचा वर्ग १२१, तो शंभरच्या बाहेर. म्हणून चाळणी संपली. जे उरलं ते सगळं मूळ:

२, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७

हिशेब जुळतो का बघा: ४९ + १६ + ६ + ३ = ७४ संयुक्त संख्या, एक १, आणि उरलेल्या २५ मूळ. एकूण १००.

पायरी ६: संयुक्त संख्या फोडा

मूळ संख्या ओळखून झाली. संयुक्त संख्या हाती आली तर तिचे मूळ अवयव पाडा. लहानात लहान मूळ संख्येने भागत जायचं: ७२, ३६, १८, ९, ३, १. २ ने तीनदा भाग गेला आणि ३ ने दोनदा. ७२ = २ × २ × २ × ३ × ३. तुम्ही ७२ आधी ८ × ९ अशी फोडा किंवा ६ × १२ अशी, शेवटी तीन २ आणि दोन ३ हेच हाती येतात.

यातून विभाजकांची मोजणी न लिहिता करता येते. ७२ चा कुठलाही विभाजक याच सामानातून बनतो. त्यात २ किती घ्यायचे? एकही नाही, एक, दोन किंवा तीन: चार पर्याय. ३ किती? एकही नाही, एक किंवा दोन: तीन पर्याय. ४ × ३ = १२ विभाजक. ते तक्त्यात मांडले की फार सुरेख दिसतात:

१, २, ४, ८
३, ६, १२, २४
९, १८, ३६, ७२

आडवं जाताना दुप्पट, खाली उतरताना तिप्पट. म्हणून रीत अशी: प्रत्येक मूळ अवयव किती वेळा आला ते बघा, त्यात एक मिळवा, आणि आलेल्या आकड्यांचा गुणाकार करा. ३६० मध्ये २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा; ४ × ३ × २ = २४ विभाजक. वर्तुळाचे ३६० अंश इतक्या वेगवेगळ्या समान भागांत सहज वाटता येतात ते यामुळेच. शंभरच्या आत सर्वाधिक विभाजक बारा, आणि तो मान पाच संख्यांना मिळून आहे: ६०, ७२, ८४, ९० आणि ९६.

हीच रीत उलटी चालवता येते. कोणत्या संख्यांना नेमके तीन विभाजक असतात? तीन म्हणजे २ + १, म्हणून एकच मूळ अवयव दोनदा: ४, ९, २५, ४९, १२१... मूळ संख्यांचे वर्ग, आणि त्यांच्याशिवाय दुसरं कुणीही नाही. ३६ वर्गसंख्या असूनही यात बसत नाही, कारण ६ मूळ नाही.

जिथे पाय घसरतो

विषम म्हणजे मूळ, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. ९, १५, २१, २५, २७ या सगळ्या विषम आणि सगळ्या संयुक्त.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे "दिसायला मूळ" संख्या. ५१ (सतरा त्रिक एक्कावन्न), ५७ (एकोणीस त्रिक सत्तावन्न), ८७ (एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी) आणि ९१ या चौघी शंभरच्या आत सर्वाधिक लोकांना फसवतात. पहिल्या तिघींना अंकांची बेरीज लगेच पकडते. ९१ ला नाही पकडत, तिच्यासाठी ७ ची कसोटीच हवी. १४३ आणि २२१ आणखी अवघड वाटतात, कारण कुठलाही पाढा आपण दहापटीपर्यंतच म्हणतो आणि ११ × १३, १३ × १७ हे गुणाकार पाढ्यांत कधी कानावर पडतच नाहीत.

तिसरी चूक चाळणी शिकल्यावर होते. मूळ संख्या ६ च्या पटीशेजारी असतात हे खरं, पण ६ च्या पटीशेजारची प्रत्येक संख्या मूळ असते हे खरं नाही. २५, ३५, ४९, ५५ आठवा.

आणि मूळ संख्येची सहमूळ संख्यांशी गल्लत करू नका. दोन संख्यांचा १ खेरीज सामाईक विभाजक नसेल तर त्या परस्परांच्या सहमूळ. ८ आणि ९ दोन्ही संयुक्त आहेत, तरी एकमेकींच्या सहमूळ आहेत. मूळपणा एका संख्येचा असतो, सहमूळपणा जोडीचा.

थोडं पुढचं

मूळ संख्या कुठेतरी संपतात का? नाही. युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं. तुमच्याकडच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा. आलेल्या संख्येला तुमच्या यादीतल्या कुणीही भागलं तरी बाकी १ उरते, म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचाच असतो. आलेली संख्या स्वतः मूळच असेल असं मात्र समजू नका: २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ही आहे ५९ × ५०९. दोघेही यादीबाहेरचे, युक्लिडचं म्हणणं तंतोतंत खरं.

संपत नाहीत, पण विरळ होत जातात. शंभरपर्यंत २५, हजारपर्यंत १६८, दहा हजारपर्यंत १२२९. ११३ नंतरची मूळ संख्या थेट १२७. मधल्या तेराच्या तेरा संख्या संयुक्त.

त्यांच्या मांडणीत सूत्र शोधायचा मोह सगळ्यांना होतो. एखाद्या संख्येच्या वर्गात ती संख्या आणि ४१ मिळवा, हे ऑयलर यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र ० पासून ३९ पर्यंत दरवेळी मूळ संख्याच देतं. सलग चाळीस वेळा! आणि ४० घातले की येते १६८१, म्हणजे ४१ × ४१. नेमके तीन विभाजक.

मोठ्या संख्यांसाठी आपली भागत जाण्याची रीत फार संथ पडते. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेगाने ठरवणारी रीत दिली. मात्र त्यातून संयुक्त संख्येचे अवयव मिळत नाहीत. संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे विभाजक सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण गुणाकारावरून त्या दोघी शोधणं जवळपास अशक्य ठरतं, आणि इंटरनेटवरच्या गुप्ततेचा मोठा भाग आजवर याच अडचणीवर उभा राहिला आहे. सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली: २ चा १३६२७९८४१ वा घात, उणे १. ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात.

सरावासाठी

या आठ संख्या मूळ की संयुक्त ते ठरवा. प्रत्येकीपुढे आधी थांबायची मर्यादा लिहा, मग भागायला सुरुवात करा: २११, २४७, २८९, २९९, ३२३, ३४३, ४३७, ४९९.

उत्तरं: २११ मूळ (१३ पर्यंत तपासणी). २४७ = १३ × १९. २८९ = १७ × १७, म्हणून विभाजक तीनच. २९९ = १३ × २३. ३२३ = १७ × १९. ३४३ = ७ × ७ × ७. ४३७ = १९ × २३. ४९९ मूळ (१९ पर्यंत तपासणी).

यांतल्या २४७, २९९, ३२३, ३४३ आणि ४३७ या प्रत्येकीला नेमके चार विभाजक आहेत. पण ३४३ चे चार आणि बाकीच्यांचे चार वेगळ्या कारणाने येतात. पायरी ६ मधली रीत घेऊन ते कारण शोधा, आणि मग चार विभाजकांच्या शंभरच्या आतल्या सगळ्या संख्या लिहून काढा. पहिली ६, दुसरी ८.